भोंग्याची सहल

नवी मुंबईत थंडी पडली हे माझ्या अंगाला कळत नाही, नाकाला कळतं. स्वेटर घालावा अशा सकाळी आमच्याकडे वर्षातून चार-दोन. त्याही दिवशी लोक तो घालतात ते बिचारा कपाटात पडून राहिला म्हणून. पण डिसेंबर उजाडला की सकाळची हवा जड होते, जमिनीला धरून बसते आणि तिला कसलातरी वास येतो. जुईनगरला, आमच्या तिसऱ्या मजल्यावर, असा काही वास येत नाही असं रेवतीचं म्हणणं. रेवती माझी मुलगी. "आई, तुझं नाक अजून तळोज्यालाच राहिलंय," असं ती चिडवते. मी हसते आणि खिडकी लावून घेते.

यंदा वासाच्या आधी निरोप आला. सोसायटीच्या ग्रुपवर कमिटीने टाकलं होतं की रविवारी सकाळी मॉक ड्रिल आहे, सायरन वाजला की सगळ्यांनी जिन्याने खाली यायचं, लिफ्ट वापरायची नाही, घाबरायचं नाही. आणि खाली एक विनंती. मुलं कंटाळतील, रडतील, तर त्यांना तासभर रमवायला कुणी पुढे येईल का? त्याच्याखाली कुणीतरी फुग्याचं चित्र टाकलं होतं, दुसऱ्याने त्याला अंगठा दाखवला होता. मी फोन पालथा घातला आणि मटार सोलायला घेतले. हे काम मी एकेकाळी केलेलं आहे. एक अख्खा हिवाळा केलेलं आहे आणि फार चांगलं केलेलं आहे. तेच तर दुखणं आहे.

तेव्हा आम्ही तळोज्याला कंपनीच्या कॉलनीत राहायचो. माझा नवरा श्रीकांत प्लांटमध्ये ऑपरेटर होता. तो त्याच हिवाळ्यात गेला. मी त्याला 'अहो'च म्हणायचे, चारचौघांत तर नावही घ्यायचे नाही. आता मनातल्या मनात बोलताना तो नुसता 'तो' होतो. रेवती तेव्हा पाच वर्षांची होती, मोठ्या शिशूत. तिला त्यातलं काय आठवतं हे मी तिला कधी विचारलं नव्हतं. विशेषतः एक गोष्ट. ती तिच्या डोक्यातून पुसली गेली असावी, एवढंच मी इतकी वर्षं देवापाशी मागत आले. विचारायची हिंमत मात्र झाली नाही, कारण विचारलं की आठवण करून दिल्यासारखं होतं.

कॉलनी म्हणजे चार मजल्यांच्या पाच-सहा पिवळ्या इमारती, मध्ये घसरगुंडी, एका अंगाला शाळा, आणि भिंतीपलीकडे प्लांट. भिंतीवरून चिमण्या दिसायच्या. गेटापाशी उंच खांबावर भगव्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक कापडी नळी फडफडत असायची. वारा कुठून कुठे चाललाय ते तिच्यावरून कळतं. मुलं तिला हत्तीचा मोजा म्हणायची. तो हत्ती बाकीचे तीन मोजे कुठे ठेवतो यावर शाळेच्या वाटेवर गंभीर चर्चा व्हायच्या. थंडीत वारा पडायचा आणि मोजा खांबाला चिकटून लोंबायचा. श्रीकांत म्हणायचा, "हे दिवस वाईट. उन्हाळ्यात सगळं वर जातं. थंडीत काय सुटलं, तर ते पायाशी बसून राहतं." मग लगेच, "चहा टाक," असंही म्हणायचा. त्याला कुठल्याच गोष्टीचं फार वेळ वाईट वाटायचं नाही.

त्या पावसाळ्यात प्लांटमध्ये नवी टाकी बसली आणि टाकीमागोमाग तालमी आल्या. गॅस सुटलाच तर कॉलनी कशी रिकामी करायची, याचा सराव दर थोड्या दिवसांनी, शनिवारी सकाळी. भोंगा वर-खाली, वर-खाली रडायला लागला की हातातलं टाकून ओला रुमाल नाकाला लावायचा आणि बसपाशी यायचं. बायकांची आणि म्हाताऱ्यांची बस वेगळी, मुलांची वेगळी. मग खारघरच्या डोंगराखाली एका मोकळ्या मैदानावर जाऊन बसायचं आणि साहेबांच्या घड्याळाचं समाधान झालं की परत यायचं. पहिल्या खेपेला मुलांच्या बसमध्ये जी काही रडारड झाली म्हणता! एकाने ओकारी काढली, ती बघून चौघांनी काढली. एका मुलीने आईच्या नावाने असा टाहो फोडला की पुढच्या बसमधून आईने उडी मारायची बाकी ठेवली होती. संध्याकाळी सेफ्टीचे साहेब घरी आले. "वहिनी, पुढच्या वेळी मुलांच्या बसमध्ये तुम्ही बसा. तुम्हाला मुलांचं चांगलं जमतं असं श्रीकांत म्हणत होता." मी श्रीकांतकडे पाहिलं. तो अगदी मन लावून रेवतीच्या बुटाची नाडी बांधत होता.

मी तेव्हा तिशीतही नव्हते. दिवसभर घर, नवऱ्याच्या शिफ्टा, गावाकडच्या सासूबाईंचे फोन. कुणीतरी आपल्याला काहीतरी जमतं असं म्हटलं, याचंच मला कोण अप्रूप! दोन दिवस मी कुकरच्या शिट्ट्या मोजायची विसरत होते, कारण डोक्यात गाणं जुळत होतं. भोंगा वाजला भों भों भों, आमची गाडी पों पों पों, वाटेत भेटली काळी गाय, तिला म्हटलं, येतेस काय? पुढचं मुलांनी जोडायचं. ज्याची पाळी त्याने नवा प्राणी गाडीत घ्यायचा. म्हातारा उंट यायचा, त्याला साखर-सुंठ मिळायची. एकदा एकाने व्हेल मासा घेतला आणि तो बसवायचा कुठे यावर अर्धा रस्ता गेला. ओल्या रुमालाचे आम्ही डाकू झालो. जो डाकू तोंडावरचा रुमाल काढेल तो पकडला जाणार. साहेब खूश. म्हणाले, मोठी माणसंसुद्धा इतका वेळ रुमाल धरत नाहीत.

दुसऱ्या-तिसऱ्या खेपेपासून मुलं तालमीला भोंग्याची सहल म्हणायला लागली. शुक्रवारी रात्रीच दप्तरात खाऊ भरून ठेवायची. उद्या भोंगा वाजणार का, म्हणून श्रीकांतला जिन्यात गाठून विचारायची. ज्या आवाजाने पोटात गोळा यावा, त्या आवाजाला टाळ्या पिटत धावत येणारी ती तीस-चाळीस मुलं अजून डोळ्यांसमोर येतात. मी त्यांच्या पुढे, हातात ओल्या रुमालांची बादली घेऊन, हसत.

आणि श्रीकांत त्या सहलीत काय करायचा? तो जखमी व्हायचा. तालमीत एक माणूस जखमी दाखवावा लागतो. त्याला स्ट्रेचरवर घालून पळवायचं, मैदानावर आणून ठेवायचं. स्ट्रेचर उचलणाऱ्यांनी पहिल्याच मीटिंगमध्ये सांगितलं, साहेब, जखमी हलका द्या. श्रीकांतच्या अंगावर मांस असं नव्हतंच, त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली. रक्ताचं काय करायचं म्हणून तो घरी विचारायला आला. मी वाटीत कुंकू घेतलं, त्यात खोबरेल कालवलं आणि त्याच्या कपाळावर, कानामागे, शर्टाच्या कॉलरवर बोटाने लावलं. अगदी हुबेहूब दिसत होतं. शेजारच्या वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कुंकू कशाला? रंग बिंग नव्हता का?" श्रीकांत म्हणाला, "वहिनी, घरचं आहे, स्वस्त पडतं." आम्ही तिघं हसलो. त्यानंतर प्रत्येक शनिवारी सकाळी मी ती वाटी काढत गेले. आता कुंकवाच्या डबीकडे बघितलं की बोटाला तेल लागल्यासारखं वाटतं आणि मी उगीचच हात धुते.

पहिल्यांदा मुलांनी त्याला मैदानावर तसं निपचित पडलेलं पाहिलं तेव्हा पुन्हा रडारड सुरू होणार होती. सगळ्यांत आधी रेवतीचा ओठ थरथरला. मला तेवढ्यात काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, "अरे, काका कधी उठतात माहितीये का? आपण सगळे रांगेत जेवायला बसलो की उठतात. एक जरी उभा असला तरी नाही उठत." कँटीनचे पोहे यायचेच होते. मुलं धपाधप बसली, एरवी ज्यांना बसवायला घसा फोडावा लागायचा तीसुद्धा. द्रोण वाटून झाले. सगळी ओरडली, "उठा, उठा, काका!" श्रीकांतने एक डोळा उघडला, मान किंचित वर केली आणि विचारलं, "पोहे उरलेत का?" हसून हसून मुलांचे द्रोण सांडले. मग तो कपाळाला तसंच ते कुंकवाचं रक्त घेऊन रांगेतून लिंबाच्या फोडी वाटत फिरला. तेव्हापासून तो नियमच झाला. घसरगुंडीपाशी मुलं तोच खेळ खेळायला लागली. एकाने पडायचं, चौघांनी उचलायचं, बाकीच्यांनी मांडी घालून बसायचं, की पडलेला उठणार. रेवती त्या खेळात कधी पडायची नाही. ती बसवायचं काम करायची. "नीट बसा रे, नाहीतर बाबा उठणार नाहीत," असं कमरेवर हात ठेवून सांगायची.

त्या सहलींत रेवती माझ्यावर थोडी रुसलेली असायची. आई सगळ्यांची काकू झालेली तिला खपायचं नाही. मी तिला मांडीवर घेत नसे, दुसऱ्यांच्या आयांनी बोलायला नको म्हणून. ती मागच्या काचेपाशी जाऊन बसायची, गाण्यात प्राणी घालायची पाळी आली तरी मान हलवायची. घरी आल्यावर म्हणायची, "तू आज माझ्याकडे बघितलं पण नाहीस." मी म्हणायचे, "बघितलं की." खरं तर बघितलेलं नसायचं.

एका शनिवारची मला पुष्कळदा आठवण येते. आमच्या बसचा ड्रायव्हर जोमा, जवळच्याच गावातला आगरी माणूस. वयाने माझ्या वडलांएवढा. तो मला बाय म्हणायचा. त्याने एक दिवस वालाच्या शेंगांची टोपली आणि मडकं बसमध्ये चढवलं. "पोरांना रोज पोहे काय देताव? आज पोपटी खाऊ दे." मैदानाच्या कडेला मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, बटाटे, वर पुन्हा पाला असं भरून त्याने मडकं उपडं घातलं आणि भोवती काटक्या पेटवल्या. तो पाल्याचा वास, धूर, बोटं भाजत सोललेल्या शेंगा. श्रीकांत त्या दिवशी मुलांच्या ओरडण्याची वाट न बघता स्ट्रेचरवरूनच उठला आणि शेंग मागायला लागला. मुलांनी त्याला परत झोपवलं. "काका, चीटिंग! अजून सगळे बसले नाहीत!" तो मुकाट्याने पडला. डोळे मिटून पडलेल्या माणसाच्या तोंडात जोमाने हळूच एक बटाटा घातला. असं ते वर्ष होतं. सुखाचंच म्हणायला हवं. मला ते आता कुठे ठेवावं कळत नाही.

खरा भोंगा मंगळवारी वाजला.

शनिवार नव्हता एवढ्यावरून मला कळलं. मुलांना वारांशी काय देणं! ती शाळेतून ओरडतच बाहेर आली, भोंग्याची सहल, भोंग्याची सहल. मी धावत गेटाशी गेले तेव्हा जोमाने बस चालू करून ठेवली होती. त्याचा चेहरा पाहिला आणि मी वर खांबाकडे बघितलं. मोजा त्या दिवशी थोडासा फुगला होता आणि त्याचं टोक आमच्या इमारतींकडे होतं. भिंतीच्या वर, फार उंच नाही, पांढुरकं काहीतरी पसरत होतं, ताकासारखं. श्रीकांत सकाळच्या शिफ्टला आत होता. त्याच्या कपाळाला त्या दिवशी मी काही लावलेलं नव्हतं. तालमीत त्याला नुसतं पडून राहायचं असायचं. खरं घडलं तर त्याचं काम काय, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

मुलं चढली. जोमा मान न वळवता मला म्हणाला, "बाय, गानी बंद करू नको. आन मांगं बघू नको." मी रुमाल वाटले. डाकू झाले. भोंगा वाजला भों भों भों. माझा आवाज निघत होता, कसा ते मला माहीत नाही. रेवती नेहमीसारखी मागच्या काचेकडे निघाली होती. मी तिचा दंड धरला आणि तिला ओढून मांडीवर घेतलं. तिने माझ्याकडे अविश्वासाने बघितलं. "मी? मांडीवर?" मी म्हटलं, "आज तुझी पाळी." रुमालाच्या वर तिचे डोळे एवढाले हसले.

बस नेहमीच्या रस्त्याला न लागता उलटीकडे वळली. वारा त्या दिवशी गॅस नेहमीच्या रस्त्यावरच नेत होता. मुलं ओरडली, "जोमाकाका रस्ता चुकले!" "चुकलो नाय रं. आज लांबची सहल हाय," असं म्हणत त्याने गाडी अशी काही पळवली की मुलं सीटवरून उडायला लागली आणि त्याचाही त्यांनी खेळ केला. गाय आली, उंट आला, गेंडा आला. त्या दिवशी रेवतीनेही पहिल्यांदा प्राणी घातला. वाटेत भेटलं छोटं माकड, त्याचं शेपूट आहे वाकडं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी तिच्या केसांत नाक खुपसलं आणि मागे बघितलं नाही.

लांबचा वळसा घालून आम्ही त्याच मैदानावर पोचलो, पण पोहे आले नाहीत. कुणाला भान होतं! आजूबाजूच्या घरांतल्या बायकांनी केळी आणि बिस्किटं आणून दिली. आणि ती मुलं, मी काही न सांगता, आपली आपण रांगेत बसली. मांड्या घालून, पाठी ताठ. नेहमी स्ट्रेचर ठेवायचे त्या रिकाम्या जागेकडे बघून ओरडली, "उठा, उठा, काका!" मी म्हटलं, "आज काकांना दुसरं काम आहे." रेवतीने मान उंच करून सगळ्यांना सांगितलं, "माझे बाबा आज खरं काम करतायत."

बायकांची बस मागून आली. एकेक आई येऊन आपापलं मूल छातीशी धरू लागली. कोणीच मोठ्याने बोलत नव्हतं. सगळ्यांचे डोळे डोंगराच्या बगलेतून तळोज्याच्या दिशेला. मी रेवतीला उचललं आणि मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला, करंजाच्या झाडाखाली गेले. तिथे आम्ही दोघीच खेळत राहिलो. लपाछपी, लंगडी, खड्यांचे सागरगोटे. मी लंगडी घालताना पडले, गुडघा फुटला, आणि ती इतकी हसली की मीही हसले. खरंच हसले. ती झाडामागे लपायची, तिचा निळा फ्रॉक दोन्ही बाजूंनी दिसायचा, आणि मी सगळं मैदान शोधून दमायचे. एकेक करून वडील येत होते. शिफ्टचे कपडे, लाल डोळे, आपलं पोर खांद्यावर टाकून जात होते. मी ते बघत होते, पण तिला त्या दिशेला पाठ करून उभी करत होते.

ऊन उतरायला लागलं तेव्हा साहेबांची जीप आली. ते खाली उतरले. डोक्यावरचं हेल्मेट काढून त्यांनी ते पोटाशी धरलं आणि आमच्याकडे चालायला लागले. मला सगळं कळलं. माझी एका पायावर लंगडी चालू होती, रेवती पुढे पळत होती, "पकड ना, आई, पकड ना." मी साहेबांना लांबूनच तळवा दाखवला. थांबा. ते थांबले. मैदानाच्या मधोमध तो धिप्पाड माणूस हेल्मेट धरून उभा राहिला, आणि मी माझ्या मुलीला पकडायला धावत राहिले. तो डाव मी जितका लांबवता येईल तितका लांबवला. शेवटी तीच दमली आणि माझ्या अंगावर येऊन पडली.

वॉल्व्ह त्याने बंद केला होता, असं साहेबांनी सांगितलं. तो बंद करून बाहेर यायला उशीर झाला. कॉलनीतल्या एकाही माणसाला काही झालं नाही. हे मला नंतर इतक्या लोकांनी इतक्या वेळा सांगितलं की त्याचा अर्थच माझ्यापर्यंत पोचेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घरी आणलं. बाहेरच्या खोलीत, चटईवर. दारापासून जिन्यापर्यंत माणसं. चूल अर्थातच पेटलेली नव्हती, कुणाच्या पोटात काही नव्हतं. सासूबाई गावाहून वाटेतच होत्या. रेवतीला वहिनींनी त्यांच्या घरी ठेवलं होतं, ती तिथून निसटली. आली, बाबांकडे बघितलं आणि मग माणसांकडे. उभी माणसं. सगळी उभी. तिला काय चुकतंय ते लगेच कळलं. ती वहिनींच्या पदराला ओढून म्हणाली, "काकू, बसा ना." मग पुढच्याला, "तुम्ही पण बसा. रांगेत बसा. पोहे नसू देत, नुसतं बसा." ती एकेकाचा हात धरून खाली ओढत होती. कुणी हुंदका दिला, कुणी तोंड फिरवलं. तिला उचलून न्यायला कुणीतरी पुढे झालं, तेव्हा दारातले साहेब चपला काढून आत आले आणि भिंतीला लागून मांडी घालून खाली बसले. त्यांच्या शेजारी जोमा बसला. मग वहिनी. मग एकेक करत खोलीतली सगळी माणसं, जिन्यातलीसुद्धा, पायऱ्यांवर, रांगेत. कुणीच उभं राहिलं नाही. रेवतीने सगळीकडे नजर फिरवली, एकदा दाराबाहेर जाऊन बघून आली आणि चटईपाशी येऊन बसली. आणि वाट बघत राहिली.

ही ती गोष्ट. हीच तिला आठवू नये म्हणून मी इतकी वर्षं गप्प राहिले. ती कॉलेजात गेली, नोकरीला लागली, तरी कुठे पंगत दिसली की मी आधी तिच्याकडे बघते. चार वर्षांपूर्वी वाशीला एका मॉलमध्ये एक उंच, दाढीवाला तरुण समोर आला. "काकू, ओळखलंत? भोंगा वाजला भों भों भों!" सरकत्या जिन्यापाशी त्याने दोन ओळी मोठ्याने म्हटल्या. तिसऱ्या ओळीपाशी त्याला सगळं आठवलं असावं. तो वाकून माझ्या पाया पडला आणि गर्दीत निघून गेला. रात्रभर ते गाणं माझ्या डोक्यात फिरत राहिलं. त्याला बंद करायचं बटण कुठे असतं कोण जाणे.

तर परवा मी मटार सोलत होते. रेवती ऑफिसातून आली, हातपाय धुऊन समोर बसली आणि अर्ध्या शेंगा आपल्याकडे ओढल्या. दाणे वाटीत कमी, तोंडात जास्त.

"आई, ग्रुप बघितला का? रविवारी मुलांना तू घे ना. तुला किती छान जमायचं."

माझे हात थांबले. "तुला आठवतं?"

"थोडं थोडं. गाणं आठवतं. पोपटी आठवते."

इतक्या वर्षांनी, त्या ढिगासमोर, माझ्या तोंडून निघून गेलं. "आणि बाबांना घरी आणलं तो दिवस?"

तिने विचार केला. खरोखर आठवून बघितलं, ते मला तिच्या भुवयांवरून दिसलं. "नाही गं. खूप माणसं होती एवढंच. ती सगळी खाली बसली होती, बस्स. पुढचं मागचं काही नाही."

मी श्वास सोडला. देवाने ऐकलं होतं. मला एकदम इतकं हलकं वाटलं की आता उठून चहा टाकावा, रविवारी खाली जाऊन मुलांना गाणंसुद्धा शिकवावं.

"पण आदल्या दिवसाचं सगळं आठवतं," रेवती म्हणाली. तिने शेंग सोलणं थांबवलं नव्हतं. "तू मला मांडीवर घेतलंस. जोमाकाकांनी गाडी उडवली. माझं माकड. तू लंगडी घालताना पडलीस. मी झाडामागे लपायचे आणि तुला दिसायचे, तरी तू दिसत नसल्याचं नाटक करायचीस. एरवी तू सगळ्यांची असायचीस ना? त्या दिवशी फक्त माझी होतीस. दिवसभर."

मी वाटी तिच्याकडे सरकवली.

"शाळेत निबंध यायचा बघ, माझ्या आयुष्यातला अविस्मरणीय दिवस. मी दर वेळी माथेरानची सहल लिहायचे. खोटंच. डोळ्यांसमोर ते मैदान असायचं." तिने दाणे वाटीत टाकले, हात झटकले आणि माझ्याकडे बघितलं. पाच वर्षांची असताना बघायची तसं. "माझ्या लहानपणातला सगळ्यात छान दिवस तोच आहे, आई. आणि तेव्हा बाबा तिकडे... हे मी कुणाला सांगू?"